रिवर्क

रूबेन आढावचा अँप्लिफायर परत माझ्या टेबलावर.
शरणपूरहून स्कूटरवर, दोन उशांमध्ये बांधून आणला त्यानं,
आणि म्हणाला, काका, आवाज गुदमरतो.

मीच बांधलेला. सांगाडा तांबट आळीत वाकवून घेतला,
खोकं अंबडच्या एका कंपनीत मशीन ज्या पेटीतून आलं
तिच्या पाइनच्या फळ्यांचं.
मागे अजून छापलेला बाण आहे, ही बाजू वर.
पुढे चार बटणं: आवाज, ट्रेबल, मिडल, बेस.
तेव्हा वाटलं होतं,
ताटात चार वाट्या तरी दिसाव्यात.

पाहिलं तर तीन बटणांशेजारी स्केचपेनच्या बारीक रेघा.
सात. दहा. दोन.
दोन वर्षं तिथून हललेली नाहीत.
रंग उडालाय तो फक्त आवाजाच्या बटणाचा.

प्लग काढला तरी कपॅसिटर धरून बसतात
तीनशे व्होल्ट, जुन्या भांडणासारखे.
निकुंभ मास्तर सांगायचे, एक हात खिशात ठेव,
मेलास तर पैसे तरी हाताशी असतील.
सांगताना हसायचे नाहीत.
अजून ठेवतो. खिशात रिक्षाची सुटी नाणी असतात.

मीटर शून्यावर येईपर्यंत थांबलो,
मग सोल्डर वितळवत गेलो.
तीन पॉट, तीन कपॅसिटर, एक रेझिस्टर,
श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात.
त्यांच्या जागी एकच कपॅसिटर, पोटावर ४७२ लिहिलेला,
हरभऱ्याच्या डाळीएवढा,
आणि एकच पॉट:
या टोकाला सगळं कर्कश जमिनीत जातं,
त्या टोकाला जवळजवळ काहीच जात नाही.
बस.

चालू केला. रूबेननं तार नुसती छेडली
आणि फडताळातले ग्लास बोलले.
ती तीन बटणं मिळून रुपयातले चौदा आणे खात होती.
उरलेल्या दोन आण्यांना आम्ही
चव म्हणत होतो.

पण मग दुसरा ट्रायोड.
एका काचेत दोघं राहतात. पहिला गिटारचं ऐकतो.
दुसऱ्याला मी ठेवला होता
ती गळती भरून काढायला.
गळतीच गेली.

मी बत्तीस वर्षं सातपूरला रिवर्कच्या टेबलावर होतो.
पहिल्या पाळीत बिघडलेले बोर्ड
दुसऱ्या पाळीत सरळ करायचे.
दिवसाला चाळीस. कधी साठ.
मग एका साहेबानं लाइन सुधारली. खरंच सुधारली,
त्याला दोष देत नाही मी.
बोर्ड पहिल्यांदाच बरोबर यायला लागले.
आम्हा सात जणांना पेढे दिले आणि एक कागद.
कागदावर ‘स्वेच्छा’ असा शब्द होता.

तर ट्रायोड. त्याच्या तारा सोडवल्या,
ग्रीड जमिनीला टेकवली, उगाच कुजबुज नको.
फिलामेंटची तार तेवढी ठेवली.
तोडता आली असती.

रूबेन विचारतो, काका, बेस हवा असला तर?
म्हटलं, गिटारच्या मानेजवळ वाजव.
धार हवी तर हात ब्रिजकडे ने.
बटणं होती म्हणून बोटं आळसावली होती तुझी.
त्यानं हात सरकवला, चार बोटं इकडे, चार तिकडे,
रविवारी चर्चमध्ये वाजवतो ते काहीतरी,
आणि समोरच्या चिंधेबाईंनी एवढ्या थंडीत खिडकी उघडली.
ओरडायला असेल. ओरडल्या नाहीत.

पुढच्या पट्टीवर दोन भोकं उरली.
एकात लाल दिवा बसवला.
दुसऱ्यासाठी बूच शोधतोय, असं त्याला सांगितलंय.
शोधत नाही.
तिथं डोळा लावला की दिसतात
एका काचेत दोघं,
सारखेच तांबूस.